मालक ४८ लाख मागतात, तुम्ही किती म्हणावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघं नोकरीत, पहिलंच घर. नागपुरात मानेवाडा रिंग रोडच्या बाजूला बारा वर्षं जुन्या फ्लॅट स्कीममध्ये तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर टू बीएचके पाहिला. सुपर बिल्टअप १,०५० चौरस फूट, मागणी ४८ लाख. मालक मुलाकडे पुण्याला चालले आहेत आणि त्यांचं ११ लाखांचं कर्ज अजून बाकी आहे. हाताशी जमवलेले १५ लाख आहेत. एजंट म्हणतो, दुसरी पार्टी तयार आहे, आजच दोन लाख टोकन द्या. तर किती कमी करून मागायचं आणि टोकन द्यायचं का?

आज टोकन देऊ नका. दुसरी पार्टी खरी असली तरी देऊ नका. ज्या घराचा एकही कागद अजून पाहिलेला नाही, त्याच्यासाठी दोन लाख अडकवले की पुढच्या प्रत्येक बैठकीत तुमची बाजू लंगडी पडते. समोरच्याला कळतं की आता हे मागे फिरणार नाहीत. भाव ठरतो तो सोफ्यावर बसून केलेल्या घासाघिशीत कमी आणि त्याआधीच्या आठ-दहा दिवसांत तुम्ही काय काय मोजून ठेवलं त्यावर जास्त.

सुरुवात स्वतःच्या खिशापासून करा. समजा सौदा ४५ लाखांवर ठरला. कर्जाची रक्कम ३० ते ७५ लाखांच्या टप्प्यात असली की रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्केच कर्ज मिळतं. म्हणजे ३६ लाख बँकेचे आणि ९ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत अधिभार धरून साधारण ७ टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार. नोंदणी फी एक टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. गहाणाच्या कागदाचं शुल्क कर्जाच्या ०.३ टक्के, सुमारे ११ हजार. वकील आणि सर्च रिपोर्ट (मालकीचा मागचा इतिहास तपासल्याचा अहवाल) मिळून २० हजार धरा. दलाली एक टक्का धरली तर ४५ हजार. राहायला जाण्याआधीची दुरुस्ती एक लाख. बेरीज १४ लाख २१ हजारांच्या घरात जाते. हे शुल्क आणि फी बँक घराच्या किमतीत धरत नाही, त्यामुळे ते सगळं तुमच्याच खिशातून जातं.

पंधरातून चौदा लाख एकवीस हजार गेले की उरतात ७९ हजार. ३६ लाखांचा साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता ३१ हजारांच्या थोडा वर येतो. म्हणजे हाताशी जेमतेम अडीच हप्त्यांची गंगाजळी. विक्रीपत्र फक्त पत्नीच्या नावे केलं तर महिला खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. ४५ लाखांवर ४५ हजार वाचतात आणि शिल्लक चार हप्त्यांपर्यंत जाते. दोघांच्या नावे केलं की ही सवलत मिळत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा: ज्याचं नाव मालक म्हणून नाही, त्याला कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट घेता येत नाही. जुन्या कर-पद्धतीत राहणाऱ्यांनी हा हिशेब सीएकडून आधीच करून घ्यावा.

ताणाताणीच्या वेळी उपयोगी पडणारा आणखी एक हिशेब. भाव एक लाखाने वाढला की आज रोख २८ हजार जास्त लागतात: २० हजार स्वतःचा हिस्सा, ७ हजार शुल्क, एक हजार दलाली. शिवाय उरलेल्या ८० हजारांच्या कर्जापोटी महिन्याला ६९४ रुपये, २० वर्षांत १ लाख ६६ हजार. "एका लाखासाठी काय अडून बसता" असं कुणी म्हणालं तर हे आकडे डोळ्यांपुढे ठेवा. या सगळ्यावरून तुमचा शेवटचा आकडा कागदावर लिहा, दोघांनी त्यावर एकमत करा आणि तो कागद घरीच ठेवा. एजंटला हा आकडा सांगायचा नाही, आणि बँकेने किती कर्ज मंजूर केलं तेही नाही.

आता घराचा खरा भाव. सुपर बिल्टअपवर बोलणंच बंद करा. त्या फ्लॅटवर टेप घेऊन जा आणि भिंतीच्या आतल्या अंगाने खोली-खोली मोजा. समजा चटई क्षेत्र ७२० चौरस फूट भरलं. ४८ लाख भागिले १,०५० केलं तर दर ४,५७१ दिसतो आणि बरा वाटतो. तेच ७२० ने भागलं की ६,६६७ होतो. याच दराने तुलना करायची, कारण सुपर बिल्टअपमध्ये जिना, लॉबी किती धरली हे प्रत्येक स्कीममध्ये वेगळं असतं.

तुलनेसाठी त्याच स्कीममध्ये किंवा त्याच लेआउटमध्ये गेल्या वर्षभरात झालेल्या रजिस्ट्र्या शोधा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन पाहता येते. तिच्यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन वेगळे आकडे असतात. मोबदला म्हणजे कागदावर ठरलेली किंमत, बाजारभाव म्हणजे सरकारी तक्त्यावरून काढलेलं मूल्य. क्षेत्रफळ बहुतेक चौरस मीटरमध्ये असतं, १०.७६ ने गुणलं की चौरस फूट. क्षेत्र चटई लिहिलंय की बिल्टअप, तेवढं नीट बघा. समजा दुसऱ्या मजल्यावरचा ७४० चटईचा फ्लॅट आठ महिन्यांपूर्वी ४६ लाखांना गेला. दर ६,२१६. त्या दराने तुमचा ७२० चा फ्लॅट ४४ लाख ७५ हजारांचा होतो. मोबदला आणि बाजारभाव हुबेहूब सारखे असतील तर काही रक्कम रोखीत गेली असण्याची शक्यता धरा आणि एका नोंदीवर विसंबू नका, तीन-चार नोंदी काढा.

सरकारी मूल्यही आधीच काढून ठेवा. त्याला बाजारात रेडी रेकनर म्हणतात. मुद्रांक शुल्क सौद्याची किंमत आणि रेडी रेकनर यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. म्हणजे भाव रेकनरच्या खाली नेलात तरी शुल्क तेवढंच राहतं. शिवाय रेकनरचा आकडा सौद्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघाला, तर तो फरक तुमच्या उत्पन्नात धरून आयकर लागू शकतो. विकणाऱ्याचा भांडवली नफाही त्याच वरच्या आकड्यावर मोजला जातो, म्हणून तोही त्याखाली यायला नाखूश असतो. हा आकडा दोन्ही बाजूंना माहीत असला की वेड्यावाकड्या मागण्या आपोआप थांबतात.

घर तीनदा बघा. एकदा सकाळी पाणी येतं त्या वेळी, एकदा भर दुपारी तीन-साडेतीनला, आणि जमलं तर मोठ्या पावसानंतर. वरच्या मजल्यावर नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी छताला हात लावून पाहिलं की पुढच्या वीस वर्षांचं वीजबिल कळतं. गच्चीवर जा. ब्रिकबॅट कोब्यावर (विटांच्या तुकड्यांच्या थरावर) भेगा आहेत का, पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, कडेचा गोलवा सुटलाय का, पावसाळी पाइपच्या तोंडाशी पाणी साचून काळं पडलंय का. मग खाली येऊन त्याच जागेखालचं छत बघा. नवीन पुट्टी-पेंटच्या एकाच चौकोनी ठिगळाचा अर्थ बहुधा गळती असतो. स्लॅबच्या खालून सळईच्या रेषेत तांबूस डाग उतरले असतील तर ते साध्या ओलीचं लक्षण नाही. आत लोखंड गंजतंय. तिथे पैसे कमी करून घेण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

आपल्याकडच्या घरात आणखी एक जागा हमखास बघायची: कूलरची खिडकी. दरवर्षी मार्च ते जून तिथे कूलर ठेवलेला असतो, टाकीतून पाणी ठिबकतं, खालच्या भिंतीत मुरतं. बाहेरून बघा, लोखंडी स्टँडचे पाय जिथे भिंतीत रोवलेत तिथून गंजाचे ओघळ आणि भेगा निघालेल्या असतात. आतून खिडकीच्या पट्टीखाली बोटाच्या पेराने ठोका. प्लॅस्टर सुटलं असेल तर पोकळ आवाज येतो, आणि रंगाला फोड आलेले असतात. स्कर्टिंगजवळ पांढरी खारी भुकटी दिसली तर ओल अजून जिवंत आहे. अशी एक खिडकी दुरुस्त करायची म्हणजे प्लॅस्टर काढा, वॉटरप्रूफ करा, परत प्लॅस्टर-पुट्टी-रंग करा, स्टँड नव्याने लावा. ठेकेदाराकडून याचं लेखी कोटेशन घ्या. तोंडी "लाखभर लागतील" आणि लेखी "३८ हजार ५००" यांत बैठकीला दुसरं चालतं.

मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा या भागांत काळी माती पुष्कळ ठिकाणी आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया उथळ असेल तर बांधकाम तिच्याबरोबर हलतं. म्हणून तिसऱ्या मजल्याचं घर घेतानाही तळमजल्याचं पार्किंग नीट पाहा. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी, नाण्याची कड आत जाईल एवढी भेग असेल तर ती रंगाची भेग नव्हे. केसासारख्या आडव्यातिडव्या रेषा मात्र प्लॅस्टर सुकताना पडतात, त्यांच्यासाठी भाव कमी मागू नका. तुम्हाला घर कळत नाही असा समज होतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. नदी-नाल्याजवळचं घर असेल तर त्या दिवशी पार्किंगमध्ये पाणी कुठवर आलं होतं, हे मालकाला न विचारता वॉचमनला आणि तळमजल्यावरच्या काकूंना विचारा. उन्हाळ्यात टँकर लागतो का, हेही त्यांनाच विचारायचं.

कागदांवर सगळ्यात जास्त वेळ द्या. एक वकील स्वतःचा नेमा. एजंटने किंवा मालकाने सुचवलेला नको. नागपुरात पहिला प्रश्न जमिनीचा: फ्रीहोल्ड (पूर्ण मालकीची), नझूलच्या म्हणजे सरकारी जमिनीच्या पट्ट्याची, की नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजची? लीज असेल तर किती वर्षं उरली, भूभाडं भरलंय का, हस्तांतरणाची परवानगी लागते का आणि तिची फी कोण भरणार, हे भाव ठरण्याआधी स्पष्ट व्हायला हवं. ही रक्कम लाखांत जाऊ शकते आणि शेवटच्या आठवड्यात ती हमखास खरेदीदाराच्या गळ्यात पडते.

दुसरा प्रश्न लेआउटचा. "आरएल आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, कारण हा शब्द दोन अर्थांनी चालतो. मंजूर लेआउटमध्ये प्लॉट मोकळा केल्याचं रिलीज लेटर, आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झालेल्या प्लॉटचं रेग्युलरायझेशन लेटर. दोन्ही वैध, पण कागद हातात घेऊन खसरा नंबर, मौजा, प्लॉट नंबर विक्रीपत्राशी ताडून पाहा. "डिमांड (मागितलेलं शुल्क) भरली आहे, आरएल यायचं आहे" हे वाक्य ऐकलं तर आरएल येईपर्यंत रजिस्ट्री नाही, एवढंच उत्तर.

मग बाकीचे: पूर्वीच्या सगळ्या विक्रीपत्रांची साखळी, तीस वर्षांचा सर्च, आखीव पत्रिका किंवा सातबारा, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याची मंजुरी), डीड ऑफ डिक्लेरेशन (स्कीममधले फ्लॅट आणि त्यांचे हिस्से नोंदवणारा दस्त), मालमत्ता कर आणि पाण्याची शेवटची पावती, वीजबिल, मेंटेनन्सचं नो ड्यूज. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष घर शेजारी शेजारी ठेवून बघा. बाल्कनी खोलीत घेतलेली, पार्किंगमध्ये दुकान काढलेलं, मंजुरी दोन मजल्यांची आणि उभे तीन, असे प्रकार जुन्या स्कीममध्ये सापडतात. तुमचा फ्लॅट सगळ्यात वरचा आहे, म्हणून हे आधी तपासा. वरचा मजला मंजुरीबाहेर असेल तर बँक कर्ज नाकारते. तुम्ही रोखीने घेतलात तरी पुढचा खरेदीदार बँकेकडेच जाणार आहे. अशा घरात दोन-तीन लाख कमी करून घेण्यात अर्थ नाही, सोडून द्यावं.

विक्रीपत्रात जमिनीतल्या अविभक्त हिश्शाची टक्केवारी लिहिलेली असते. सगळ्या फ्लॅटची मिळून बेरीज शंभर होते का ते डिक्लेरेशनवरून बघा. उद्या पुनर्विकास झाला तर हक्क याच टक्केवारीवर ठरतो. मालकी वारसाहक्काने आली असेल तर बहिणींसकट सगळ्या वारसांच्या सह्या लागतील. "ताई काही म्हणणार नाहीत" यावर सौदा करू नका.

आता बोलणं. मालक का विकतात हे तुम्हाला माहीत आहे: पुण्याला जायचंय आणि कर्ज फेडायचंय. त्यांना दोन गोष्टी हव्यात, पक्की तारीख आणि खात्रीचे पैसे. या दोन्ही तुम्ही देऊ शकता, म्हणून बैठकीला बसण्याआधी बँकेकडून तत्त्वतः मंजुरीचं पत्र आणा. रक्कम झाकून पत्र दाखवलं तरी चालतं. एजंटची बाजूही समजून घ्या. एक टक्का दलालीत भाव लाखाने घटला तर त्याचे फक्त एक हजार जातात. सौदा फिसकटला तर सगळेच जातात. म्हणजे पैसे तयार असलेला, कागद नीट असलेला खरेदीदार त्याला महाग पार्टीपेक्षा जवळचा वाटतो. तो मालकालाही समजावतो. दलाली किती, आणि ती बयाण्यावर नाही तर रजिस्ट्रीच्या दिवशी द्यायची, हे त्याच्याशी आधीच लिहून घ्या.

पहिला आकडा असा सांगा की त्याचं कारण देता येईल. तुमच्या उदाहरणात ताडलेला भाव ४४.७५ लाख, त्यातून गच्ची आणि कूलरच्या भिंतीची कोटेशनं मिळून एक लाख वजा, राहिले ४३.७५. पहिली मागणी सव्वाबेचाळीस. ३५ लाख सांगून बसाल तर मालक पाणीही विचारणार नाहीत. मानेवाड्यातला माणूस स्वतःच्या घराचा भाव जाणतो. वाढ करताना पावलं लहान करत जा: सव्वाबेचाळीसवरून सव्वात्रेचाळीस, मग ४३.९०, मग ४४.२०. पाऊल लहान होत गेलं की शेवट जवळ आल्याचं समोरच्याला न सांगता कळतं. प्रत्येक वेळी वाढवताना काहीतरी मागा: वाढवतो, पण तिन्ही पंखे, गीझर आणि किचनच्या ट्रॉल्या राहू द्या, वाढवतो, पण चालू वर्षाचा घरटॅक्स तुमचा.

बैठकीत असं काहीसं होईल.

"काका, तुमच्याच स्कीममधला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट सहा हजार दोनशेच्या दराने गेला. हा बघा उतारा. वरचा मजला आणि गच्चीचं हे कोटेशन धरून आम्ही सव्वाबेचाळीस देऊ शकतो."

"अहो, किचनलाच मी साडेतीन लाख घातले आहेत."

"किचन छानच आहे, म्हणूनच घर आवडलं. पण बँकेचा माणूस किचन मोजत नाही, भिंती मोजतो. तुम्हाला जूनमध्ये पुण्याला जायचंय ना? मंजुरी आमच्या हातात आहे. मे अखेर रजिस्ट्री करून देतो."

आणि मग गप्प बसा. नव्या खरेदीदाराचा सगळ्यात महागडा दोष हाच, की शांतता सहन न होऊन तो स्वतःच्याच आकड्यावर पन्नास हजार चढवतो. दोघं गेलात तर एकानेच आकडे बोलायचे. "आम्हाला तर हेच घर हवंय" हे वाक्य घराबाहेर पडेपर्यंत कुणीच उच्चारायचं नाही. मुलं आणि आईवडील यांना दुसऱ्या भेटीला न्या, भावाच्या बैठकीला नको. दक्षिणमुखी दार किंवा वास्तूचा मुद्दा तुम्हाला महत्त्वाचा नसला, तरी पुढच्या खरेदीदारांपैकी बरेच जण त्यावरून मागे फिरतात, त्यामुळे तो भावात धरायला हरकत नाही. पितृपक्षात खरेदीदार कमी फिरतात, तेव्हा बोलणी करून रजिस्ट्री दसऱ्याच्या आसपास ठेवली तर दोघांचंही मन राखलं जातं.

वेळेलाही किंमत असते. मालकांनी "रजिस्ट्री आता करा, आम्ही तीन महिने इथेच राहू" म्हटलं तर तुमचं भाडं समजा १४ हजार, त्याचे ४२ हजार आणि वर तीन हप्ते. शिवाय पूर्ण पैसे देऊन ताबा नाही ही अवस्था कधीच पत्करू नका. विक्रीपत्र, शेवटची रक्कम आणि किल्ल्या एकाच दिवशी.

रोखीची मागणी येईल. "१० लाख कॅश द्या, भाव दोनने कमी करतो." इथे ठाम राहा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्यात मनाई आहे, आणि जेवढी घेतली तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. हे मालकांना शांतपणे सांगा, बऱ्याच जणांना माहीत नसतं. तुमचं नुकसान वेगळं. बँक कागदावरच्या किमतीवर कर्ज देते, म्हणजे दहा लाख रोखीत गेले की आठ लाखांचं कर्ज गेलं, ते १५ लाखांतून कुठून काढणार? उद्या घर विकाल तेव्हा तुमची खरेदी किंमत दहा लाखांनी कमी दिसेल आणि नफ्यावरचा कर तुम्ही भराल.

भाव ठरला की बयाणा. ५१ हजार किंवा एक लाख पुरे, चेकने किंवा आरटीजीएसने, आणि त्याच दिवशी इसारपत्र, म्हणजे सौद्याच्या अटींचा लेखी करार. यातल्या अटी शेवटच्या पन्नास हजारांपेक्षा मोलाच्या आहेत, म्हणून भावात थोडं सोडावं लागलं तरी अटी सोडू नका. मुख्य अट साध्या भाषेत अशी लिहा: "लिहून घेणार यांस ४५ दिवसांत बँकेकडून किमान ३५ लाख रुपयांचं कर्ज मंजूर न झाल्यास, किंवा शोध अहवालात मालकी निर्वेध न आढळल्यास, हा सौदा रद्द समजला जाईल व लिहून देणार बयाण्याची संपूर्ण रक्कम ७ दिवसांत परत करतील." कर्जाचा किमान आकडा लिहायचं कारण हे, की बँकेचा व्हॅल्युअर स्वतःचं मूल्य काढतो आणि कर्ज सौदा व मूल्य यांतल्या लहान आकड्यावर मिळतं. ४५ लाखांच्या घराला त्याने ४२ लिहिले तर कर्ज ३६ ऐवजी ३३ लाख ६० हजार. अचानक २ लाख ४० हजारांचं भगदाड, आणि अट नसेल तर बयाणाही बुडाला. पहिल्या घराचे बरेच सौदे इथेच मोडतात. तुम्ही बँकेच्या मूल्यांकनाची फी भरून तो अहवाल बयाण्याआधीच करून घेतलात, तर बैठकीत तुमच्या हाती आणखी एक कागद येतो.

बाकी कलमं: कोणत्या तारखेपर्यंतची देणी कुणाची, घरात काय काय राहणार याची यादी (एसी, इन्व्हर्टर, कूलर, दिवे, पडद्यांचे रॉड, "फर्निचरसह" असा मोघम शब्द नको), रजिस्ट्रीची तारीख, उशीर झाल्यास रोजचे किती, आणि या मुदतीत मालक घर दुसऱ्या कुणाला दाखवणार नाहीत.

मालकांच्या ११ लाखांच्या कर्जाचं काय करायचं ते इसारपत्रातच ठरवा. त्यांच्या बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि जमा असलेल्या मूळ कागदांची यादी मागा. रजिस्ट्रीच्या वेळी तुमची बँक तेवढी रक्कम थेट त्यांच्या कर्ज खात्यात भरते आणि उरलेली मालकांना देते. तुम्ही स्वतः काही आधी देणार असाल तर तोही चेक त्यांच्या कर्ज खात्याच्याच नावाने काढा, बचत खात्यात नको. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं बँकेवर बंधनकारक आहे, पुढच्या प्रत्येक दिवसाला पाच हजार भरपाई. तरीही ते कागद तुमच्या बँकेच्या माणसासमोर ताब्यात येतील अशीच व्यवस्था लिहून घ्या.

सौद्याची किंमत किंवा रेडी रेकनरचं मूल्य ५० लाख किंवा वर गेलं, तर मालकांच्या रकमेतून एक टक्का टीडीएस (आगाऊ आयकर) कापून भरणं तुमच्यावर येतं. तुमचा सौदा त्याखाली आहे. मालक परदेशात राहणारे असतील तर ५० लाखांची मर्यादाच लागू नाही आणि कपातही बरीच मोठी असते, तिथे सीएशिवाय पुढे जाऊ नका.

हेच घर बिल्डरकडून नवं घेत असाल तर खेळ वेगळा. बिल्डर कागदावरचा दर सहसा मोडत नाही, कारण उरलेल्या फ्लॅटचा भाव पडतो. तिथे इतर गोष्टी मागा: एमएसईबी चार्जेस (वीजजोडणीचा खर्च), झाकलेलं पार्किंग, फ्लोअर राइज (वरच्या मजल्यासाठीचा जादा दर) माफ, मुद्रांक शुल्क त्यांनी भरणं. आकडा सगळं धरून लिहून घ्या, जीएसटीसकट. बांधकाम चालू असलेल्या घरावर तो ५ टक्के. चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर एक टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर काहीच नाही. म्हणजे भाव ४५ लाखांच्या किंचित वर असेल तर खाली आणण्यात दोघांचाही फायदा आहे, हे बिल्डरला तुमच्याआधी माहीत असतं. करारनाम्याची नोंदणी होण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची मुदत किती वेळा वाढली आणि कोणते खटले आहेत ते बघा, दुसऱ्यांदा वाढली असेल तर हप्ते बांधकामाच्या टप्प्यांशी घट्ट बांधून घ्या.

दुसऱ्या पार्टीबद्दल शेवटी. एजंटला उद्या फोन करून एवढंच सांगा: "भाऊ, कागदांचे फोटो आज पाठवा, वकिलांना दाखवून चार दिवसांत लेखी आकडा देतो, बँकेचं पत्र तयार आहे." दुसरी पार्टी खरंच दोन लाख घेऊन उभी असेल तर घर जाईल, जाऊ द्या. नसेल तर संध्याकाळपर्यंत कागद येतात. आले की सर्वांत आधी मंजूर नकाशा उघडा आणि त्यात तिसरा मजला आहे का ते बघा.